हे गवत नाही

वेल्ह्याहून केळदकडे जाताना रस्त्याला लागून असलेल्या एका खाचराच्या बांधावर पत्र्याची पाटी उभी आहे. गोडेतेलाचा डबा उभा चिरून, ठोकून सपाट केलेला. मागच्या बाजूचं सूर्यफूल अजून ओळखू येतं. पुढच्या बाजूला निळ्या ऑइलपेंटनं लिहिलंय, 'हे गवत नाही. भात आहे.' ओळ डावीकडे सुरू होताना ऐटीत आहे, उजवीकडे जाईतो उतरणीला लागलीय. खाली थोडी जागा उरली, तिथं बारीक अक्षरांत 'कृपया' एवढंच. कृपया काय करावं किंवा करू नये, ते लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्यावर सोडलंय.

अशी पाटी लावायची पाळी का आली, हे कळायला जुलैतला कुठलाही रविवार पुरे. मढे घाटातला लक्ष्मी धबधबा बघायला पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. याच घाटानं तान्हाजी मालुसऱ्यांचा देह खाली उमरठ्याला नेला, असं इथली माणसं सांगतात. ते ऐकायला मात्र कुणाला सवड नसते. रस्ता अरुंद, गाडी लावायला जागा नाही, मग एक चाक बांधावर चढतं. दारं उघडतात, माणसं उतरतात आणि समोरच्या हिरव्यात सरळ शिरतात. फोटो छान येतो. पाठीमागं ढगात डोकं खुपसलेला तोरणा, पायाशी हिरवं. त्या हिरव्यात कुणाच्या तरी वर्षाच्या तांदळाचा हिशेब आहे, हे फोटोत येत नाही.

भोर-वेल्ह्याच्या भाताला उन्हाळ्यापासून माणूस लागतं. शेण, पालापाचोळा, पेंढा पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात बी टाकायचं, तरवा हातभर झाला की उपटून त्याच्या जुड्या बांधायच्या, चिखलणी करून खाचर लोण्यासारखं मऊ करायचं आणि मग कमरेत वाकून एकेक रोप चिखलात खोवत मागं मागं सरायचं. एके काळी अंगावर इरलं असायचं, आता युरियाच्या पोत्याची खोळ असते. डोंगरउतारावरची ही खाचरं एकाखाली एक. वरच्याचं पाणी खालच्याला, खालच्याचं त्याच्या खालच्याला. मध्ये वीतभर, फार तर हातभर रुंदीचे मातीचे बांध. त्या बांधावर एक नको तो पाय पडला आणि माती बसली, की वरचं पाणी ओढ घेतं, आणि बघता बघता तिघाचौघांची रोपं वाहून चिखलाच्या ढिगाला लागतात. तेव्हा पाटी लिहिणाऱ्यानं कमीच लिहिलंय म्हणायचं.

ही तक्रार आजकालची नाही. बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकाच्या महावग्गात ती जवळजवळ अशीच नोंदलेली आहे. बुद्ध तेव्हा राजगृहाजवळ वेळुवनात होते. भिक्खू उन्हाळा म्हणत नव्हते, हिवाळा म्हणत नव्हते, पावसाळा म्हणत नव्हते. बारा महिने हिंडत होते. लोक कुरकुरू लागले. हे शाक्यपुत्राचे श्रमण भर पावसात फिरतात, हिरवं गवत तुडवतात, पायाखाली बारीकसारीक जीव चिरडतात. इतर पंथांचे साधूसुद्धा पावसात एका जागी बसतात. एवढंच काय, पाखरंदेखील झाडाच्या शेंड्यावर घरटी करून बसतात, मग यांनाच काय झालं? तक्रार बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी भिक्खूंची बाजू घेतली नाही, की लोकांना चार गोष्टी ऐकवल्या नाहीत. पावसाळ्यात एका ठिकाणी राहावं, असा नियम घातला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने मुक्काम. हाच वर्षावास.

मला या कथेतली साधी गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. संयम, आत्मजय, चित्तशुद्धी असे भारदस्त शब्द आपण उच्चारतो तेव्हा डोळ्यांपुढं पद्मासनात बसलेला, पापण्या मिटलेला माणूस येतो. वर्षावासाचा उगम मात्र कुणाच्या समाधीत नाही, रस्त्यावरच्या लोकांच्या कुरकुरीत आहे. आपला पाय कुठं पडतो, इथून त्याची सुरुवात होते. आधी थांबायचं, तेही स्वतःच्या भल्यासाठी नव्हे तर पायाखालच्यासाठी. मनाचं जे काय व्हायचं ते त्या थांबण्यात मागाहून होत राहतं. आणि या नियमाला मायेची फटही ठेवलेली आहे. कुणी आजारी असलं, आईवडिलांचा निरोप आला, तर सात दिवसांच्या आत परत येण्याच्या बोलीवर भिक्खूला बाहेर पडता येई. थांबणं म्हणजे दगड होणं नव्हे, एवढं भान त्या काळी नियम करणाऱ्याला होतं.

शेतकऱ्यांची बोलणी बुद्धांना नवी नव्हती. सुत्तनिपात या पाली ग्रंथात कसिभारद्वाज नावाचा ब्राह्मण शेतकरी भेटतो. पेरणीचे दिवस, शेकड्यानं नांगर जुंपलेले, जेवणं वाढायची वेळ, आणि समोर भिक्षापात्र घेतलेले बुद्ध. कसिभारद्वाज तोंडावर ऐकवतो, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तूही तसंच करावंस. यावर बुद्ध रागावत नाहीत, मीही शेतीच करतो म्हणतात आणि त्याच्याच अवजारांच्या भाषेत आपली शेती सांगायला लागतात. श्रद्धेचं बी, प्रज्ञेचा नांगर, असं करत करत इसाड, जोतं, फाळ, पराणी सगळं येतं. मला यात गोडी वाटते ती अशी, की ज्याला बैल जुंपणं माहीत नाही त्याला हे सगळं सपक लागेल. वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यातल्या माणसाला एकदा सांगून बघावं. तो आधी बुद्धांच्या शेतीचं क्षेत्र किती ते विचारील.

पावसात थांबायची रीत एकट्या बौद्धांची नव्हतीच. जैन मुनी आजही चातुर्मासात एका गावी राहतात. आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीपर्यंत. मराठ्यांच्या फौजासुद्धा पावसाळ्यात छावणी करून बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघत. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, रोहिड खोरं या मुलखातल्या ढाली-तलवारी पावसात भिंतीला टेकलेल्या असत आणि त्याच हातांत तरव्याच्या जुड्या असत. तोरणा घेणाऱ्यांच्या या प्रदेशात धम्मपद वाचताना जरा गंमत वाटते, कारण त्यात रणात मिळवलेल्या विजयाहून स्वतःवर मिळवलेला विजय वरचा मानलाय. पण गडकऱ्याला हे पटलं नसतं असं नाही. पावसाळ्यात चार महिने धुक्यात, ओल्या अंथरुणावर, कुणी चालून येत नसताना पहाऱ्यावर जागं राहणं ही काय साधी लढाई आहे?

भोरमधून नीरेच्या काठाकाठानं खाली गेलं की शिरवळ. जिल्हा सातारा, तालुका खंडाळा, पण नदी तीच; ती भोर तालुक्यातल्या शिरगावात, वरंध घाटाच्या माथ्याशी उगम पावते. शिरवळच्या जवळ डोंगराच्या घळीत पंधराएक बौद्ध लेणी आहेत. त्या जागेला पांडवदरा म्हणतात. महाराष्ट्रात कुठलंही लेणं बघितलं की लोकांनी ते पांडवांच्या नावावर करून टाकलेलं असतं. नाशिकची तर पांडवलेणीच. भाटघरच्या धरणाचं पाणी उतरलं की उन्हाळ्यात वर येणारं कांबरेश्वराचं देऊळही पांडवांचंच मानतात. बारा वर्षांच्या वनवासात त्या पाच जणांनी किती दगड फोडला असेल! खरे राहणारे विसरले गेले आणि गाव रिकामं कसं ठेवायचं म्हणून कुळाच्या नावापुढं दुसरं नाव चढलं, तसा हा प्रकार.

कार्ल्याला जाऊन आलेला माणूस पांडवदऱ्यात आला तर त्याची निराशा व्हायची. इथं हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी नाहीत, लाकडी फासळ्यांचं छत नाही, डोळे दिपवणारं काही नाही. छोटं चैत्यगृह, त्यात नक्षीचा स्पर्श नसलेला साधा स्तूप. भिक्खूंच्या कोठड्या आणि कोठडीत भिंतीलगत दगडात सोडलेला झोपायचा ओटा. हीनयान काळातलं हे काम. मूर्ती घडवायची पद्धत यायच्या आधीचं. पावसाळ्यात त्या ओट्यावर हात ठेवला तर दगड पाझरलेला लागतो. पाठ टेकली तर टेकवत नाही. बाहेर घळीतून पाण्याचा आवाज एकसारखा, आणि तोंडाशी पडणाऱ्या धारांमुळं पलीकडचं फिकट, हललेलं दिसतं. इथं कुणीतरी आषाढ, श्रावण, भाद्रपद काढायचा. लाकडं ओली, चीवर वाळत नाही, भिक्षेला खालच्या वस्तीवर जायचं तर वाट निसरडी. मनाची शांती असली तर ती या ओलीच्या सकट होती. ओल गेल्यावर मिळालेली नव्हती.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवत हिंडले आणि दख्खनची लेणी व घाटवाटा यांचा संबंध त्यांनी नेमका दाखवला. लेणी एकांतात आहेत हे खरं, पण तो एकांत व्यापारी वाटेपासून हाकेच्या अंतरावरचा. सावित्रीच्या खाडीतून माल महाडपर्यंत यायचा. महाडजवळ गांधारपाले आणि कोल इथं लेणी आहेत. तिथून वरंध घाट चढून हिरडस मावळात आणि नीरेच्या बाजूनं शिरवळकडे, ही वाट डोळ्यांपुढं आणली की पांडवदरा आडरानात उरत नाही. गंमत म्हणजे याच कोसंबींचे वडील, धर्मानंद, पाली शिकण्यासाठी गोव्यातलं घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले, १९०२ साली तिथं भिक्खू झाले आणि पुढं पुण्याच्या फर्गसन कॉलेजात पाली शिकवायला लागले. बापानं सुत्तं वाचली, मुलानं वाटा वाचल्या. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय त्या ओल्या कोठडीतला माणूस कळत नाही. तो जगाकडं पाठ करून बसलेला नव्हता. खालच्या वाटेवरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज त्याला वर येत असणार.

खरा वर्षावास बघायचा तर मात्र लेण्यात जायचं कारण नाही. भोर-वेल्ह्याच्या वाडीवस्तीवर बौद्धवाड्यांतली विहारं आहेत, कुठं नवी रंगवलेली, कुठं समाजमंदिराची एक खोली. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर इथंही जुनं सोडून नवं धरलं गेलं. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली निघाला. वर्षावासाच्या तीन महिन्यांत संध्याकाळी विहारात जमून तो थोडा थोडा वाचायची प्रथा महाराष्ट्रात गावोगाव आहे. भिक्खू नसला तरी अडत नाही. वाचता येणारी एखादी कॉलेजातली मुलगी पुरते.

अशा एका वाचनाला मी मागच्या बाजूला बसलो होतो. दारात चिखलानं जड झालेल्या चपला, कोपऱ्यात ठिबकणाऱ्या छत्र्या. बाया दिवसभर लावणी करून आलेल्या. बोटांच्या पेरांत चिखल इतका मुरलेला, की धुवूनही नखांच्या कडेला काळी रेघ राहते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. पंचशीलात कुणी वरून आज्ञा देत नाही. ज्यानं त्यानं आपल्याच तोंडानं, मी हे पाळायला शिकेन, असं पत्करायचं असतं. जीवहत्येपासून दूर राहण्याचं पहिलं शील म्हणून झाल्यावर वाचन सुरू होणार, तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, "आगं, पर खेकड्याचं काय?"

हशा पिकला, पण प्रश्न टवाळीचा नव्हता. खेकडा बांधाला बीळ पाडतो. बिळातून पाणी झिरपतं, मग सुटतं आणि बांध जातो. शिवाय पावसाळ्यात खेकड्याचं कालवण कोण सोडतं? पोरीनं पुस्तकाची पानं चाळली. "यात खेकडा न्हाई आजी," ती म्हणाली, "पन बाबासाहेबांनी लिवलंय, मारायची गरज येगळी आन् मारायची हौस येगळी." सगळे जरा गप्प झाले. मग भिंतीशी बसलेले एक काका बोलले, "गरज कुठं संपती आन् हौस कुठं लागती, त्ये बी लिवलंय का?" पोरगी हसली. ते लिहिलेलं नव्हतं. ते लिहिता येत असतं तर तीन महिने बसून वाचायची काय जरूर होती?

वाचनानंतर थोडा वेळ डोळे मिटून बसायचं होतं. त्याच आजी उठता उठता मला म्हणाल्या, "दादा, दिसभर वाकायचं आन् सांजच्याला ताठ बसायचं. दोन्ही कामंच की." ध्यानावर ऐकलेली प्रवचनं मला आता नीट आठवत नाहीत, आजींचं बोलणं आठवतं.

धम्मपदाची २६ प्रकरणं आणि ४२३ गाथा. त्यांत स्वतःला वळण लावणाऱ्या माणसाच्या शेजारी पाण्याला वाट काढून देणारा पाटकरी, बाण सरळ करणारा कारागीर आणि लाकूड तासणारा सुतार उभा केलाय. पाटकऱ्याचा दाखला भोरमध्ये जरा बोचतो. वेळवंडीवरचं भाटघर धरण १९२८ च्या सुमारास पुरं झालं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसकडं उसाला गेलं आणि वेळवंड खोऱ्यातली कितीतरी खाचरं पाण्याखाली. पाणी वळवणाऱ्यानं ते कुणाच्या दारातून उचललं आणि कुणाच्या दारात नेलं, हे त्या गाथेत विचारलेलं नाही. मन वळवायचं म्हटलं तरी हाच प्रश्न आहे. माझी शांती जर दुसऱ्याच्या खाचरातून पाट काढून आणलेली असेल, तर ती शांती म्हणायची का?

कारण आजकाल या तालुक्यांत सगळ्यात जास्त विकायला काढलेला माल शांती हाच आहे. सरकारदरबारी वेल्ह्याचं नाव आता राजगड झालंय, एसटीत बसणारा अजून वेल्हंच म्हणतो. पण दोन्ही नावांच्या खाली प्लॉटच्या जाहिराती सारख्याच. डोंगराच्या कुशीत, धरणाच्या काठी, मनाला निवांतपणा. त्यात खोटं काही नाही. पुण्यात आठवडाभर सिग्नलला उभा राहिलेला माणूस चेलाडीचा फाटा सोडून आत वळला, की त्याचे खांदे खरंच खाली येतात. माझेही येतात. ज्यांना जास्त हवं ते इगतपुरीला जातात. सत्यनारायण गोएंकांनी ब्रह्मदेशातून आणलेली विपश्यना धम्मगिरीवर १९७६ पासून शिकवली जाते; दहा दिवस मौन, डोळे मिटून बसणं. बसून आलेली माणसं निवळलेली दिसतात, हेही मी बघितलंय.

फक्त उलटापालट झालीय ती ऋतूची. जे पावसात थांबत होते त्यांच्याच डोंगरांत आपण पाऊस पडला की निघतो. मग दरडी येतात, वरंध घाट वाहतुकीला बंद होतो, धबधब्यांवर, धरणांवर जमावबंदीचे आदेश निघतात आणि वळणावर पोलीस उभे राहतात. हाही एक वर्षावासच, पण बाहेरून घातलेला. पोलीस जेवायला गेला की मोडणारा. शीलाचा आणि आदेशाचा फरक समजून घ्यायचा तर बॅरिकेडच्या कडेनं मोटारसायकल घालणाऱ्याकडं बघावं.

पण मौनाबद्दल, एकांताबद्दल महावग्गात आणखी एक कथा आहे, आणि ती पहिलीहून अवघड आहे. कोसल देशात काही भिक्खू एकत्र वर्षावासाला राहिले. भांडणं नकोत म्हणून त्यांनी ठरवलं, की तीन महिने एकमेकांशी बोलायचंच नाही. सगळी व्यवस्था मात्र चोख. भिक्षेहून आधी येईल त्यानं आसनं मांडायची, पाय धुवायला पाणी ठेवायचं. शेवटी येईल त्यानं उरलंसुरलं खाऊन झाडून घ्यायचं. पाण्याची घागर रिकामी दिसली तर भरायची, एकट्याला उचलत नसेल तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलवायचं. तीन महिने एक शब्द नाही, एक कुरबूर नाही. वर्षावास संपल्यावर ते बुद्धांना भेटायला गेले आणि आम्ही सुखानं, एकोप्यानं राहिलो, असं त्यांनी सांगितलं. शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं असणार. बुद्धांनी त्यांना फटकारलं. गुरामेंढरांसारखं राहिलात आणि वर त्याला सुखाचं म्हणता, असा त्या बोलण्याचा रोख होता. मुक्यानं राहायचं व्रत घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं आणि त्याऐवजी प्रवारणा सांगितली.

प्रवारणेत वर्षावासाच्या शेवटी, आश्विन पौर्णिमेला, प्रत्येक भिक्खू संघापुढं हात जोडून सांगतो, की माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसता संशय आला असेल, तरी मला सांगा. वडीलधारा भिक्खूही सांगतो, कालचा आलेलाही सांगतो. तीन महिने किती ध्यान साधलं, मन किती स्थिर झालं, याचा पाढा कुणी वाचत नाही. शेजारी राहणाऱ्याला माझा त्रास झाला का, हे शेजाऱ्यालाच विचारायचं. त्याचं उत्तर स्वतःच्या अंतरंगात शोधण्याची सोय ठेवलेली नाही.

आश्विनात वेल्ह्यात भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्या भरत असतात, इंद्रायणी तांदळाचा वास रस्त्यापर्यंत येतो. पावसाळी गर्दी ओसरलेली, धबधबे बारीक झालेले. त्या दिवसांत कुणी पुण्याहून यावं, गाडी नीट कडेला लावावी आणि पाटी लिहिणाऱ्याला शोधून विचारावं, की यंदा आमच्याकडून काय काय झालं, असं मनात येतं. तो काय म्हणेल, सांगता येत नाही. कदाचित चहा पाजील आणि विषय बदलील. या भागातल्या माणसाला पाहुण्याच्या तोंडावर बोलणं जड जातं. कदाचित पुढच्या वर्षीच्या पाटीवर 'कृपया'च्या पुढं काय लिहायचं ते आपल्यालाच विचारील. आणि तशी वेळ आली तर आपल्याकडे सांगायला काय आहे, याचा विचार मी चेलाडी फाट्यापर्यंत करतो, मग पुढं हायवेची वाहतूक लागते.